गिरणीवर गेलेली मुलगी

सोनपेठ,
४ नोव्हेंबर

शिवा,

खोक्यावर तुझा पुण्याचा पत्ता होता, म्हणून हे पत्र. पाच वर्षांत तू फोन नंबर तीनदा बदललास, पण पार्सलवर पत्ता लिहावाच लागतो, त्याला तुझाही इलाज नाही. लॅपटॉप पोचला. रिमोट पोचला. (त्याचं खरं नाव मला शिकवू नकोस, आपल्या घरात तो रिमोटच राहणार.) आणि चिठ्ठी पोचली. 'खेळून बघ. शेवटपर्यंत खेळ.' पाच वर्षांनी बहिणीला चार शब्द. फार खर्च केलास.

या पत्राच्या वर आपला नमस्कार, 'शरणार्थ', लिहिलेला नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलं नाही.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, तेव्हा खेळत होते. अकरा दिवस लागले. पहिल्याच खंदकात मी सतरा वेळा पडून मेले, तरी दम सोडला नाही. तू केलेला गेम सुरेख झालाय, हे आधी सांगते, कारण पुढे मी भांडणार आहे. काळ्या मातीतून चालताना त्या माणसाच्या चपला जड होत जातात आणि तो पाय ओढायला लागतो, ते बघून मी एकटीच मोठ्यानं हसले. हे पुण्याच्या माणसाला सुचणार नाही. गोदावरीच्या काठानं चिखलातून घरी आलेल्यालाच सुचेल.

आता भांडण. तुझा तो किल्लेदार. गावाची वेस बंद करून बसलेला, सगळ्यांना कोंडून ठेवणारा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दहा दिवस मी त्याच्यावर दात-ओठ खात होते. आणि अकराव्या दिवशी तू दाखवलंस की बाहेर महामारी होती, त्याची स्वतःची मुलगी साथ आलेल्या दुसऱ्या गावातून पळून वेशीशी आली, आणि गाव वाचावं म्हणून त्यानं तिला दार उघडलं नाही. तेव्हापासून तो असा झाला. शेवटी तो थकून खाली बसतो, किल्ल्या बाजूला ठेवतो आणि खेळणाऱ्याला म्हणतो, 'शरणार्थ.' खाली एकच बटण येतं. 'उत्तर द्या.' ते दाबल्याशिवाय गेम संपत नाही.

मी दाबलं नाही. चार वाजले, दुकान उघडलं, दोन ब्लाउजपीस विकले, परत आत येऊन बघितलं. तो तसाच बसलेला, हात छातीशी. मी लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

किल्लेदार कोण आहे ते मला कळणार नाही असं तुला वाटलं का? आपली थोरली अक्का दारात आली त्या दिवशी तू दहावीच्या वर्गात होतास. तुला जे कळलं ते लोकांकडून कळलं, तेही अर्धं. म्हणून पुरतं सांगते.

आई जाऊन, लिंगैक्य होऊन वर्ष झालं होतं. रुद्राणी अक्का राणीसावरगावच्या रंगनाथशी रजिस्टर लग्न करून गेली, त्यालाही तेवढेच दिवस झाले होते. रंगनाथ लिंगायत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. त्या दिवशी दुपारच्या आधी अक्का एकटी आली, दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, 'शरणार्थ, आप्पा.' आप्पा परकराचं कापड मोजत होते. त्यांनी मान वर केली, तिला बघितलं, परत खाली घातली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, 'साडेतीन मीटर भरतंय.' अक्का तशीच उभी राहिली. मग दीडच्या गंगाखेड गाडीनं गेली. अकरा वर्षं झाली.

आपल्यात शरणार्थ कुणी बिनउत्तराचा ठेवत नाही. कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा जिन्यात भेटले की छातीला हात लावून शरणार्थ करतात, मग वर जाऊन एकमेकांवर खोटेनाटे आरोप करतात. नमस्कार माणसाला नसतो, त्याच्या गळ्यातल्या लिंगाला असतो, असं आई सांगायची. तो गिळून टाकणं म्हणजे तू कुणी नाहीसच असं म्हणणं. आप्पांनी ते केलं.

आणि तू त्यांना महामारी दिलीस. शिवा, आप्पांकडे महामारी नव्हती. आप्पांकडे गादीवर बसलेली दोन गिऱ्हाइकं होती, सुलाबाई आणि तिची सून. सुलाबाई संध्याकाळपर्यंत गावभर सांगेल, एवढंच त्यांचं भय होतं. तू एका लहान भित्र्या माणसाला मोठा दुःखी माणूस करून टाकलंस. वर मलाच सांगतोस, उत्तर दे.

आणखी एक. किल्ल्याच्या मागच्या गल्लीत गिरणी आहे, तिथे कमरेवर डबा घेतलेली एक मुलगी उभी असते. किल्लेदाराची धाकटी लेक. दार बंद झालं तेव्हा ती दळण आणायला गेली होती, म्हणून तिला काही माहीत नाही, असं ती सांगते. ती चांगली काढलीयस. पण तिचं गोष्टीत काय काम आहे? काढून टाक तिला.

तुझी ताई,
ऋतुजा

---

सोनपेठ,
२१ नोव्हेंबर

शिवा,

पत्राचं उत्तर पत्रानं येईल असं मला वाटत होतं. खुळीच मी. काल मोबाइलचं नेट जोडलं तर लॅपटॉप म्हणाला, अपडेट आलंय. बरं, हीही रीत असू दे. तू बोलू नकोस, तुझ्या भिंती आणि दारं बोलू देत.

बघितलं. आता शेवटी दोन बटणं आहेत, 'उत्तर द्या' आणि 'निघून जा'. म्हणजे माझं ऐकलंस. मी रुबाबात 'निघून जा' दाबलं. माणूस वळून चालायला लागला, वेशीबाहेर गेला, सूर्य वर आला, नावं यायला लागली. तुझंही नाव आलं, शिवकुमार रेवणप्पा, आडनावाशिवाय. मला वाटलं होतं बरं वाटेल. पण पाठमोरं होताना मागे किल्लेदाराचा छातीशी धरलेला हात थरथरताना दिसला, तो तू कशाला दाखवलास? आप्पांचा हात हल्ली तसाच थरथरतो. कात्री धरली की जास्त. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून कापड मीच कापते. तुला हे कुणी सांगितलं? का तू नुसतंच ओळखलंस?

आता झालेली गोष्ट सांगते, कारण ती तुझ्यामुळे झाली.

मी परवा खेळत असताना आप्पा मागे येऊन बसले. आधी त्यांना वाटलं सिनेमा आहे. मग मी रिमोट दाबला की माणूस उडी मारतो हे कळल्यावर त्यांना फार मजा वाटली. 'खड्डा हाय बघ, खड्डा हाय,' म्हणून ओरडायला लागले. तासभर आम्ही दोघं एका जागी बसलो होतो. असं गेल्या कित्येक वर्षांत झालेलं नाही. मग महामारीचा भाग आला. वेशीबाहेर ती मुलगी, आत किल्लेदार, हातात अडसर. आप्पा पुढे सरकून बसले. मला वाटलं, आता कळलं त्यांना.

तर ते म्हणाले, 'माणूस वाईट न्हाई गं हा. त्याचाबी नाइलाजच होता की. लोकं उगंच नावं ठेवायलेत त्याला.' आणि डोळे पुसले. खरंच पुसले, शिवा. उपरण्यानं. मग माझ्या हातून रिमोट घेतला, चष्मा पुढे ओढून बटण शोधलं आणि उत्तर दिलं. किल्लेदाराला. स्वतःच्याच हातानं स्वतःला माफ करून माणूस चहा प्यायला गेला.

तू रागावशील, पण लिहिते. खलनायकाच्या आत माणूस असतो हे दाखवण्यात चूक काय, असं तू म्हणशील. चूक नाही. मी रोज त्या माणसाला जेवायला वाढते, त्याच्या आत काय काय आहे ते तुझ्यापेक्षा जास्त मला ठाऊक आहे. चिमण्यांना तांदूळ टाकल्याशिवाय तो दुकान उघडत नाही. आईचा चष्मा त्यानं अजून गल्ल्यात ठेवलाय. हे सगळं खरं आहे. पण तू इतकं खरं त्याच्या बाजूनं मांडलंस, आणि दारातल्या मुलीला साधा चेहरा दिला नाहीस. ती पाठमोरी आहे. खेळणाऱ्याला ती दिसते ती फक्त किल्लेदाराला किती दुःख झालं हे कळायला. रडायला तो, माफी त्याला, आणि तिनं काय करायचं? पुढच्या गाडीनं परत जायचं?

मला त्यांचा राग आला, आणि तुझा त्याहून जास्त. रात्रीच्या जेवणाला मी आप्पांना विचारलंच. म्हटलं, 'आप्पा, त्याचा नाइलाज होता. तुमचा काय होता?' ते हात धुवून उठले. अजून बोललेले नाहीत.

गिरणीवरची मुलगी तू काढली नाहीस. मी सांगितलं होतं.

ऋतुजा

---

सोनपेठ,
२९ नोव्हेंबर

शिवा,

आप्पा बोलले. चार दिवसांनी, दुकानात, गिऱ्हाईक नसताना. मी कापडाची थानं लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, 'इच्यारलंस ना, नाइलाज काय होता म्हणून. कायबी नव्हता. सुलाबाई बसली होती. तोंड उघडलंच न्हाई माझं.'

मी म्हटलं, 'एक शब्द होता, आप्पा.'

'व्हय. एकच होता,' म्हणाले. मग, 'तू बी होतीस की पडद्याआड. चहा घेऊन उभी. तू दिलं असतंस उत्तर तर मी काय मारणार होतो का तुला?'

मी थान तसंच टाकून आत आले.

शिवा, मी गिरणीवर नव्हते.

त्या संध्याकाळी तू शाळेतून आलास, कुणीतरी तुला रस्त्यात सांगितलं होतं, तू दप्तरही न काढता मला विचारलंस, 'ताई, तू कुठं होतीस?' आणि मी म्हटलं, गिरणीवर. पाच वर्षांपूर्वी तू घर सोडलंस तेव्हा परत विचारलंस आणि मी परत तेच सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मला त्या गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाजही आठवायला लागला होता.

दुकान आणि घर यांच्यामधल्या फुलाफुलांच्या पडद्यामागे मी होते. हातात ट्रे, ट्रेमध्ये तीन कप. अक्काचा आवाज मी पहिल्या अक्षराला ओळखला. 'शरणार्थ' म्हटल्यावर आतून आपोआप येतो तसा तो शब्द माझ्या तोंडात आलाही होता. पण रविवारी पाथरीचे पाहुणे मला बघायला येणार होते. अक्काच्या लग्नापासून आलेलं ते पहिलंच स्थळ. सुलाबाईनं माझा आवाज ऐकला असता तर पाथरीपर्यंत पोचवला असता. म्हणून मी ओठ मिटून उभी राहिले. चहावर साय धरेपर्यंत.

पाथरीचे पाहुणे आले, दोन दोन बशा पोहे खाल्ले, आणि मुलीचं नाक बसकं आहे असं कळवलं. त्यासाठी मी माझी बहीण पायरीवर उभी ठेवली होती.

तर बघ, मलाही कारण आहे. एकवीस वर्षांची होते, आई नव्हती, घाबरले होते. तू मनावर घेतलंस तर मलाही छान लिहिशील. माझ्याही वाटेला एक महामारी देशील, आणि लोक उपरण्यानं डोळे पुसतील. पहिल्या पत्रात मी तुझ्याशी इतकी का भांडले ते आता तुला कळलं असेल. किल्लेदाराला माफी मिळाली तर मलाही मिळणार होती, म्हणून ती हवीच होती, आणि ती मिळू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. अकरा वर्षं मी आप्पांवर राग धरून बसले, कारण तो राग होता तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, मी स्वतःही नाही.

हे लिहून झाल्यावर पत्र पाकिटात घालणार होते. मग वाटलं, आधी गिरणीवरच्या त्या मुलीला जाऊन बघावं. गेम लावला, मागच्या गल्लीत गेले. ती उभीच होती. तिच्याशी मी नेहमी नुसती बोलायची आणि पुढे जायची. आज प्रथमच डब्यापाशी जाऊन बटण दाबलं. अक्षरं आली. 'डबा रिकामा आहे.'

हे त्या अपडेटमध्ये घातलंस, का पहिल्यापासूनच होतं?

मला आठवलं. त्या रात्री तू भाकरी मागितलीस आणि मी तुला भात वाढला. पीठ संपलं होतं. गिरणीवरून आलेल्या बहिणीच्या घरात पीठ नव्हतं. तू दोनदा विचारलंस, भाकरी का नाही, आणि मग गप्प बसून भात खाल्लास. पंधरा वर्षांचा होतास, पण तू तेव्हाच ओळखलंस, हो ना? आणि एवढी वर्षं मी सांगण्याची वाट बघितलीस.

मग सरळ विचारायचं होतंस, मेल्या. एवढा किल्ला कशाला बांधलास?

ऋतुजा

---

सोनपेठ,
११ डिसेंबर

चि. शिवकुमार यास शरणार्थ.

काल मी राणीसावरगावला जाऊन आले. दोन एसट्या, मधे गंगाखेडला पाऊण तास. एवढंच अंतर होतं. निघताना आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, 'जा.' मग पिशवीत काहीतरी घालायला बघत होते, हे काढ ते काढ, शेवटी काहीच घातलं नाही.

अक्काचं घर शाळेच्या मागे आहे. अंगणात ती उडीद पाखडत बसली होती. केस बरेच पिकलेत. मी फाटकापाशी उभी राहिले, चप्पल काढली, छातीला हात लावला आणि म्हटलं, 'शरणार्थ, अक्का.'

तिनं मान वर केली, मला बघितलं, आणि परत सुपाकडे बघायला लागली. सूप थांबलं नाही.

शिवा, तिथे उभं राहणं कसं असतं ते मला आजवर माहीत नव्हतं. तुझा किल्लेदार खाली बसून, छातीशी हात धरून, मागे वाद्यं वाजत असताना वाट बघतो. खरं तसं नसतं. पायाला खडी टोचत होती, शेजारची बाई कपडे वाळत घालायचं सोडून बघत होती, आणि हाताचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात आतून आवाज आला, 'शरणार्थ!' आणि मागोमाग नऊ-दहा वर्षांची एक मुलगी पेन्सिल हातात घेऊन बाहेर आली. तिनं नीट छातीला हात लावला, जसा आई लावायची तसा. मग अक्काला म्हणाली, 'मम्मी, त्यांनी केला की. तू का न्हाई दिला? तूच सांगतीस, ठिवू नये म्हणून.' तिचं नाव राजेश्री. कपाळ आईचं आहे.

अक्का तिला म्हणाली, 'पाणी आण जा.'

ती आत गेल्यावर मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. म्हटलं, 'अक्का, त्या दिवशी मी पडद्यामागं होते. मी ऐकलं होतं.'

'ठाऊक हाय,' ती म्हणाली. 'पडद्याखालून तुझे पाय दिसायले होते. हिरव्या पट्ट्याची चप्पल. मीच घेऊन दिलेली.'

आप्पांना ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं. अक्कानं तर पाहिलंच होतं. अकरा वर्षं मी एकटीच गिरणीवर होते.

मी तिला कारण सांगायला लागले, पाथरीचे पाहुणे, आई नसणं. दोन वाक्यांत थांबले. ऐकताना तिचा चेहरा असा होत चालला होता की तिला आता माझी कीव करावी लागणार होती, आणि कीव करायची तिची पाळी नव्हती. तेव्हा मला कळलं, तुझ्या गेमवर मी इतके दिवस कशासाठी भांडत होते. माणूस समजणं वेगळं. कारण ऐकलं की तो समजतोच, कितीही नको म्हटलं तरी. पण समजला म्हणून समोरच्यानं उत्तर द्यायलाच पाहिजे, असं होत नाही. आणि ज्याला काही झालेलंच नाही, तो तुझा उड्या मारणारा माणूस, किंवा चहाला निघालेले आप्पा, त्यांनी तर मुळीच देऊ नये. ते त्यांचं नाहीच.

राजेश्रीनं पाणी दिलं, मी प्याले. निघताना विचारलं, 'अक्का, कधी उत्तर देशील?'

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, 'आज न्हाई.'

फाटकापर्यंत ती आली नाही. राजेश्री आली. तिनं विचारलं, 'तुमी कोन?' मी म्हटलं, 'तुझ्या मम्मीला विचार.' गाडीत बसल्यावर मी खूप रडले, शेजारच्या बाईनं जागा बदलली.

घरी आले तर आप्पा दुकानाच्या पायरीवर येऊन बसले होते. आत गादीवर गिऱ्हाईक होतं, चांगली चार माणसं, त्यांना तसंच सोडून. 'काय म्हणली?' सगळ्यांच्या देखत विचारलं. मी सांगितलं, आज न्हाई. त्यांनी मान हलवली. मग लहान पोरासारखं म्हणाले, 'मंग उद्या मी जाऊ का?' मी म्हटलं, मला विचारू नका. आज सकाळी चिमण्यांना तांदूळ टाकून ते सातच्या गाडीनं गेलेत. आता दुपारचे तीन वाजलेत, मी दुकान सकाळपासून बंदच ठेवून हे लिहिते आहे. ते काय तोंडानं परत येतील मला माहीत नाही. बहुतेक पायरीवर उभे राहून, पाणी पिऊन येतील.

तुझ्या शेवटच्या दोन बटणांविषयी. दोन्ही काढून टाक. 'आज नाही' असं एक करता येतं का बघ, आणि ते खेळणाऱ्याच्या हातात देऊ नकोस. दारातल्या त्या मुलीला वळव, तिला चेहरा दे, आणि बटण तिच्याकडे ठेव. लोक तक्रार करतील की गेम संपत नाही. करू देत.

आणि गिरणीवरच्या मुलीला राहू दे. तिचा डबा मात्र खाली ठेव आता, तिची कंबर दुखत असेल.

वर शरणार्थ लिहिलाय. अपडेट नको, शिवा. उत्तर द्यायचं की नाही, आणि कधी, ते तुझं तू ठरव. मी पायरीवर आहे.

ऋतुजा